पुण्यात एम.ए. मानसशास्त्र करताना विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा खरा उपयोग कसा करून घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. लघुप्रबंधाचा विषय ठरलाय सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसून एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांचा ताण. मोबाइलवर सगळं मिळत असताना ग्रंथालयात जाऊन नेमकं करायचं काय, हे तुम्हाला कुणी धड सांगत नाही. मी याच वाटेने गेले आहे आणि आता काही वर्षं मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. ग्रंथालयात फक्त पुस्तक आणायला जायचं नाही. पुस्तकात जे विधान छापलंय ते मुळात कुठून आलं, हे शोधायला जायचं. बाकी सगळं याच्या पोटात येतं.

माझा स्वतःचा विषय होता बारावीच्या मुलींना वाटणारी परीक्षेची भीती. पहिले तीन आठवडे मी आपल्या विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाच्या संगणकावर 'एक्झाम स्ट्रेस', 'एक्झाम फिअर', 'परीक्षेचा ताण' असं काय काय टाकत बसले. हाती लागले ते वर्तमानपत्री लेख आणि 'परीक्षेला सामोरे कसे जावे' छापाची पुस्तकं. शेवटी संदर्भ विभागातल्या मॅडमना जाऊन म्हटलं, "माझ्या विषयावर कामच झालेलं दिसत नाही." त्यांनी माझी वही बघितली आणि विचारलं, "तुम्ही लोकांसारखं शोधताय. तुमच्या शास्त्रात याला काय म्हणतात?" मला सांगता येईना. त्यांनी एका मागणीपत्राच्या पाठीवर दोन शब्द लिहून दिले : 'टेस्ट अँग्झायटी'. त्या दुपारी मी जेवायलासुद्धा उठले नाही, इतकं सापडत गेलं. १९५२ मध्ये मँडलर आणि सॅरसन यांनी या कल्पनेचा पाया घातला. १९६७ मध्ये लीबर्ट आणि मॉरिस यांनी तिचे दोन भाग वेगळे केले. एक डोक्यात चालणारी काळजी, म्हणजे 'मी नापास झाले तर', आणि दुसरा शरीराचा खळबळाट, म्हणजे धडधड, घाम, पोटात गोळा. १९८० मध्ये स्पीलबर्गर यांची वीस विधानांची मापनी, म्हणजे ही चिंता मोजायची प्रश्नावली, आली. तीसेक वर्षांची अशी सलग साखळी होती आणि मी चुकीच्या शब्दाने दार ठोठावत होते.

म्हणून तुमचं पहिलं काम शब्द पक्का करणं. मराठीत आपण 'ताण' म्हणतो त्यात चार गोष्टी असतात. चौथ्यांदा पूर्व परीक्षेला बसलेला मुलगा, गावाकडून येणारे पैसे, लांबलेली जाहिरात, वाढतं वय. यातलं तुम्हाला काय मोजायचंय? परीक्षेच्या प्रसंगाची चिंता मोजायची असेल तर वर सांगितलेली साखळी तुमची. एकूण आयुष्य आपल्या हाताबाहेर चाललंय असं वाटणं मोजायचं असेल, तर कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली 'पर्सीव्ड स्ट्रेस स्केल' आणि तिच्यावरचं काम बघा. या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. त्यांची सरमिसळ झाली की व्हायवात पहिलाच प्रश्न तिथे येतो.

हे शब्द मिळतात कुठे? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने आपल्या सायकइन्फो या मानसशास्त्रीय लेखांच्या डेटाबेससाठी मानसशास्त्रीय संज्ञांचा एक कोश केला आहे. त्याची पहिली आवृत्ती १९७४ ची. त्यात एखादी संज्ञा काढली की तिच्याहून व्यापक संज्ञा कोणती, तिच्या पोटातली कोणती, जवळची कोणती हे सगळं दिलेलं असतं. संदर्भ विभागात विचारा. छापील जुनी प्रत मिळाली तरी काम भागतं. मराठीत लिहिणार असाल तर भाषा संचालनालयाचा मानसशास्त्राचा परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोशातल्या नोंदी जवळ ठेवा. विश्वकोश आता इंटरनेटवर सगळ्यांना खुला आहे. प्रश्नावलीत 'चिंता', 'भीती' आणि 'दडपण' हे शब्द वाटेल तसे अदलाबदल केलेत, तर मुलं वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तरं देतील आणि तुम्ही त्यांची बेरीज करत बसाल.

आता कपाटांकडे. पुण्यातल्या बऱ्याच ग्रंथालयांत ड्युई दशांश पद्धत चालते, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा आणि त्या क्रमाने पुस्तकं लावलेली. मानसशास्त्राचा आकडा १५०, एवढं आपल्याला माहीत असतं आणि आपण तेवढ्याच मांडणीपुढे उभे राहतो. खरं तर आपलं शास्त्र सगळ्या ग्रंथालयभर विखुरलेलं आहे. १५३ ला विचारप्रक्रिया आणि बुद्धी, १५५ ला विकास आणि व्यक्तिभेद. पण सामाजिक मानसशास्त्राची बरीच पुस्तकं ३०२ ला समाजशास्त्राच्या शेजारी असतात, शैक्षणिक मानसशास्त्र ३७०.१५ ला शिक्षणशास्त्रात, आणि मनोविकार थेट वैद्यकात, ६१६.८९ ला. संख्याशास्त्र ५१९.५ ला, गणिताच्या मुलांच्या गराड्यात. तुमच्या विषयासाठी किमान तीन ठिकाणी उभं राहावं लागेल. एखादं कामाचं पुस्तक सापडलं की त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची दहा-दहा पुस्तकं काढून निदान अनुक्रमणिका आणि मागची संदर्भसूची चाळा. संगणकाच्या यादीत जे शोधायचं सुचलंही नसतं, ते असं हाताला लागतं. मला लीबर्ट-मॉरिस पहिल्यांदा भेटले ते शिक्षणशास्त्राच्या कपाटातल्या एका जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर.

मूळ लेख वाचा असं मी वर्गात सतत सांगते, त्याचं कारण छोटा अल्बर्ट. बाळाला एखाद्या गोष्टीची भीती शिकवता येते का, हे पाहणारा तो प्रयोग प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो : वॉटसन आणि रेनर, १९२०, पांढरा उंदीर आणि मोठा आवाज. आमच्या नोट्समध्ये असं होतं की त्या बाळाला पुढे सगळ्याच केसाळ वस्तूंची भीती बसली. काही पुस्तकांत तर शेवटी ती भीती घालवली असंही छापलेलं. मूळ लेख जेमतेम चौदा पानांचा आहे आणि टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातून चालवल्या जाणाऱ्या 'क्लासिक्स इन द हिस्टरी ऑफ सायकॉलॉजी' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. मी तो वाचला तेव्हा अंगावर काटा आला. एकच बाळ, अकरा महिन्यांचं. उंदीर दाखवायचा आणि डोक्यामागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचा, असं सात वेळा. पुढच्या चाचण्यांमध्ये प्रतिक्रिया काही वेळा जोरदार, काही वेळा इतकी मंद की त्यांनी पुन्हा हातोडा मारून ती 'ताजी' केली. कुत्र्याला बाळ सशाइतकं घाबरलं नाही. लाकडी ठोकळे दिले की ते शांतपणे खेळत होतं. आणि भीती घालवण्याचा प्रयोग झालाच नाही, कारण बाळाला रुग्णालयातून नेलं गेलं. पाठ्यपुस्तकांनी ही कथा कशी बदलत नेली, त्यात मांजर, टेडी बेअर आणि सुखान्त शेवट कसा आला, हे बेन हॅरिस यांनी १९७९ मध्ये 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट' या नियतकालिकात दाखवून दिलं. हे दोन लेख पाठोपाठ वाचायला एक संध्याकाळ लागते. त्या संध्याकाळनंतर मी एकही प्रयोग मूळ लेख उघडल्याशिवाय वर्गात शिकवलेला नाही.

मूळ लेख मागे नेतो, तसंच पुढेही जावं लागतं. गुगल स्कॉलरवर कुठल्याही लेखाखाली त्याचा आधार नंतर कोणी घेतला याची यादी असते. ती उघडा आणि पुढे कुणी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला का, निकाल टिकला का, हे बघा. २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठं काम छापून आलं. मानसशास्त्रातले शंभर अभ्यास वेगवेगळ्या गटांनी पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निकाल संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाहीत असे, होते; पुन्हा केल्यावर तसे निकाल आले फक्त ३६ टक्क्यांमध्ये. 'अमुक यांनी सिद्ध केले आहे' हे वाक्य तुमच्या दुसऱ्या, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या प्रकरणात लिहिण्याआधी हा आकडा आठवा.

नियतकालिकांचं म्हणाल तर आता दिवस चांगले आहेत. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली आहे. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना खुली झाली. सेज, वायली, एल्सेविअर, स्प्रिंगर नेचर, टेलर अँड फ्रान्सिस ही आपल्या कामाची सगळी मोठी नावं त्यात आहेत. विद्यापीठाच्या नेटवर्कवरून लेख उघडतो, आणि घरून वाचायचं तर ग्रंथालयाकडून लॉगिन मागून घ्यायचं. महाविद्यालयात शिकत असाल तर तिथे एन-लिस्ट, म्हणजे महाविद्यालयांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं देणारी योजना, आहे का ते ग्रंथपालांना विचारा. एवढं करूनही लेख मिळाला नाही तर लेखकाला सरळ दोन ओळींची ईमेल करा. मला आजवर बहुतेकांनी दोन-चार दिवसांत पीडीएफ पाठवली आहे. आणि विषयाचा आवाका कळायला हवा असेल तर 'अॅन्युअल रिव्ह्यू ऑफ सायकॉलॉजी'पासून सुरुवात करा. १९५० पासून दर वर्षी निघतं. त्यातला एक आढावा नीट वाचला की पुढच्या चाळीस लेखांची नावं हातात येतात.

शोधगंगा तुम्हाला माहीत असेलच. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे केंद्र ते संकेतस्थळ चालवतं, देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे पूर्ण वाचता येतात. त्यातलं परिशिष्ट बघायला विसरू नका. मापनीचं मराठी भाषांतर कुणी केलंय का, ते तिथे कळतं. मात्र एक विनंती आहे. परिशिष्टातली प्रश्नावली उचलून, झेरॉक्स मारून अभ्यासिकेत वाटू नका. मूळ मापनीचा हक्क कुणाकडे आहे, भाषांतरकाराची परवानगी आहे का, भाषांतर उलटं इंग्रजीत नेऊन तपासलंय का, हे आधी बघा. असं उलट भाषांतर करून तपासण्याची रीत ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये मांडली आणि आजही तीच वापरतात. माझ्या पहिल्या मसुद्यात एका विधानाचं भाषांतर 'परीक्षेत माझे हातपाय गळतात' असं होतं. मैत्रिणीने ते इंग्रजीत नेलं तेव्हा ते 'मी निराश होते' असं झालं. मला शरीराचा थरकाप विचारायचा होता. 'पेपर लिहिताना माझे हात थरथरतात' असं केलं आणि मगच पुढे गेले.

चाचण्यांचे संच बहुधा ग्रंथालयात नसतात, विभागाच्या प्रयोगशाळेत कुलूपबंद असतात, आणि ते योग्यच आहे. बुद्धिमापनाकडे कधी वळलात तर दोन नावं लक्षात ठेवा. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, ती आजही बिने-कामत म्हणून चालते. आणि तुमच्या सदाशिव पेठेतच ज्ञान प्रबोधिनी ही शैक्षणिक संस्था आहे. मानसशास्त्राचे अभ्यासक असलेल्या आप्पा पेंडसे यांनी ती १९६२ मध्ये सुरू केली. तिच्या प्रज्ञा मानस संशोधिकेने गिलफर्ड यांच्या बुद्धीच्या प्रतिमानावर आधारलेल्या चाचण्या इथल्या मुलांसाठी तयार केल्या आहेत.

आणखी एक इशारा. एआयला विचारून संदर्भ काढत असाल तर प्रत्येक संदर्भ नियतकालिकाच्या संकेतस्थळावर किंवा ग्रंथालयात उघडून बघा. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या यादीत अकरा संदर्भ होते. लेखक खरे, नियतकालिक खरं, वर्षही पटण्यासारखं, पण त्यातले चार लेख कुणी कधी लिहिलेलेच नव्हते. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकत जा. ते फुकट आहे आणि एपीए (वर आलेली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीची संदर्भयादी आपोआप बनवतं.

पहिल्या दिवशी जाताना ओळखपत्र, विभागाचं पत्र आणि डबा घ्या. सकाळी जा, दुपारनंतर वाचन कक्षात जागा मिळणं कठीण होतं. वहीच्या पहिल्या पानावर तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहून न्या, म्हणजे 'एमपीएससीच्या मुलांचा ताण' असा विषय नाही, तर 'तिसऱ्यांदा किंवा अधिक वेळा परीक्षा देणाऱ्यांमध्ये काळजीचा भाग पहिल्यांदा देणाऱ्यांपेक्षा जास्त असतो का' असा प्रश्न. ते पान संदर्भ विभागात दाखवा आणि मी जे तीन आठवड्यांनी विचारलं ते पहिल्याच तासात विचारा : याला तुमच्याकडे कुठल्या शब्दाखाली शोधू?