व्हॅन नंतर घे, आधी इन्शुरन्सचं कोटेशन काढ

सागर, तुझा मेसेज दोनदा वाचला. म्हणजे असं की, वहिनींना इथे इंग्लंडात, लेस्टरच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्सची नोकरी लागली आहे, तू डिपेंडंट व्हिसावर मागोमाग येणार आणि स्वतःच्या व्हॅनवर पार्सलं पोचवणार. चाकणला आठ वर्षं आधी छोटा हत्ती आणि मग पिकअप चालवल्यामुळे पार्सलचं काम तुला नवीन नाही. इथल्या कुणा ओळखीच्याने साडेसहा हजार पौंडांची एक फोर्ड ट्रान्झिट व्हॅन बघून ठेवली आहे. आणि तुला एवढंच विचारायचंय की इन्शुरन्सचे वर्षाला वीसेक हजार रुपये धरले तर पुरतील का.

नाही पुरणार. महिन्यालाही नाही पुरणार.

मार्च २०२३ मध्ये मी पहिल्यांदा कोटेशन काढलं तेव्हा स्क्रीनवर ५,८४० पौंड आले. मला वाटलं दशांशचिन्ह चुकलंय. पौंडाला ढोबळ ११५ रुपये धर, म्हणजे पावणेसात लाखांच्या आसपास. ज्या व्हॅनसाठी काढलं होतं तिची किंमत सात हजार पौंड होती. त्या दिवशी व्हॅन घेतली नाही हे माझं नशीब. वर्षभर थांबलो, २०२४ च्या मार्चला घेतली, तेव्हा वर्षाचा इन्शुरन्स ३,९६० ला बसला. पुढच्या वर्षी २,८७०, आणि शेवटचं रिन्युअल २,२४० चं. माणूस तोच, शहर तेच, शेवटच्या तिन्ही वेळा व्हॅनही तीच. हे आकडे माझे आहेत, तुझे वेगळे येतील, पण उतरण अशीच असते.

आता हे असं का, ते समजून घे, कारण तुझा हिशोब तिथेच फसलाय. आपल्याकडे इन्शुरन्स गाडीचा असतो. मालवाहू गाडीचा थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या अधिसूचनेत ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला १६,०४९ रुपये होता, वर जीएसटी. गाडी तू चालव, तुझा मेहुणा चालवू दे नाहीतर काल लायसन मिळालेला पोरगा चालवू दे, तो दर हलत नाही. इथे सरकार दर ठरवत नाही आणि कंपनी गाडीपेक्षा माणसाकडे जास्त बघते. वय किती, इथलं लायसन मिळून किती महिने झाले, नो क्लेम (म्हणजे क्लेम न करता गेलेली वर्षं) किती वर्षांचा, राहतोस कुठल्या पोस्टकोडात, रात्री व्हॅन रस्त्यावर उभी असते की घरापुढे, देशात येऊन किती दिवस झाले. तुझी चाकणची आठ वर्षं त्या फॉर्ममध्ये भरायला बहुतेक वेळा रकानाच नसतो. कंपनीच्या लेखी तू कालच गाडी शिकलेला पोरगा आहेस. ऐकायला वाईट वाटतं, मलाही वाटलं होतं.

दुसरं म्हणजे काम कुठलं. साधी व्हॅन पॉलिसी स्वस्त दिसते, लोक तिला भुलतात. ती स्वतःच्या वापरापुरती असते, फार तर स्वतःचं सामान न्यायला. प्लंबर आपली हत्यारं नेतो तसं. दुसऱ्याचा माल पैसे घेऊन पोचवायचा तर ‘हायर अँड रिवॉर्ड’ हे शब्द पॉलिसीत असायलाच हवेत. त्यातही दोन प्रकार. एका ठिकाणाहून माल उचलून दुसऱ्या एकाच ठिकाणी टाकणं म्हणजे हॉलेज, ते थोडं स्वस्त. दिवसाला शंभर-सव्वाशे दारं वाजवणं म्हणजे मल्टी-ड्रॉप कुरिअर, ते महाग, कारण शंभर वेळा गाडी थांबते, शंभर वेळा रिव्हर्स होते, शंभर वेळा दरवाजा उघडतो. फॉर्ममध्ये हॉलेज लिहून मल्टी-ड्रॉप करणारे आहेत. त्यांच्या नादी लागू नकोस. क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न हाच येतो, की त्या क्षणी गाडीत काय होतं आणि कुणाचं होतं.

तुला वाटेल, कळणार कुणाला? आपल्याकडे धंद्याच्या गाडीला पिवळी पाटी असते, लांबून दिसते. इथे सगळ्यांनाच पुढे पांढरी, मागे पिवळी. राजाचा पुतण्या असो की पार्सलवाला. पण पोलिसांच्या गाडीवरचा कॅमेरा चालता चालता नंबर वाचतो आणि ही गाडी इन्शुरन्सच्या राष्ट्रीय यादीत आहे की नाही ते तिथल्या तिथे सांगतो. यादीत असलास तरी थांबवल्यावर मागे पार्सलांचा ढीग दिसतो आणि पोलीस कंपनीला फोन लावतो. विना-इन्शुरन्स ठरलास तर ३०० पौंड दंड आणि लायसनवर दंडाचे ६ पॉइंट, गाडी तिथेच उचलून नेतात. प्रकरण कोर्टात गेलं तर दंडाला मर्यादा नाही. आणि खरी मेख पुढे आहे. १९९५ च्या कायद्याप्रमाणे इथली टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसनच रद्द. पुन्हा लर्निंगपासून सुरुवात, लेखी आणि रस्त्यावरची दोन्ही. म्हणजे नवीन माणसाला ही एकच चूक पुरते. शिवाय तो शेरा चार वर्षं लायसनवर राहतो आणि त्यानंतरच्या कोटेशनचं तोंडही बघवत नाही.

लायसनचं सांगतो. भारतीय लायसनवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, कायद्याने. पण त्या लायसनवर कुरिअरची पॉलिसी देणारी कंपनी मला तरी भेटली नाही. आणि भारतीय लायसन इथे बदलून मिळत नाही, टेस्ट द्यावीच लागते. तेव्हा उतरल्या उतरल्या प्रोव्हिजनलला, म्हणजे इथल्या लर्निंग लायसनला, अर्ज कर, ऑनलाइन ३४ पौंड. लेखीला २३, प्रॅक्टिकलला कामाच्या दिवशी ६२. पैसे किरकोळ, तारीख मिळणं अवघड. महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. टेस्ट मॅन्युअलवरच दे. ऑटोमॅटिकवर दिलीस तर पुढे ऑटोमॅटिकच चालवावी लागेल, आणि जुन्या स्वस्त व्हॅन जवळजवळ सगळ्या मॅन्युअल आहेत.

मी पहिल्यांदा नापास झालो. सांगलीत दहा वर्षं टेम्पो हाकलेला माणूस, गोल चौकात उजवीकडून एकही गाडी नसताना थांबून राहिलो म्हणून. परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, तुमच्यासाठी रस्ता दोनदा मोकळा झाला होता. आपल्या अंगात ‘कोण घुसेल सांगता येत नाही’ ही भीती मुरलेली असते, ती काढायला मला पाच क्लास लागले. तू पहिल्या दिवसापासून एक मास्तर लाव, आपल्या हुशारीवर जाऊ नकोस.

मग पहिलं वर्ष करायचं काय? मी केलं ते सांगतो. सप्टेंबर २०२१ ला आलो, टेस्ट पास होईपर्यंत लटरवर्थच्या मॅग्ना पार्कमध्ये गोडाऊनला रात्रपाळी केली. जून २०२२ ला लायसन मिळालं. त्यानंतर सहा महिन्यांनी एका कंत्राटदाराने घेतलं. हे लोक मोठ्या पार्सल कंपन्यांसाठी मार्ग चालवतात आणि व्हॅन आठवड्याच्या भाड्याने तुम्हालाच देतात, इन्शुरन्स धरून. माझं भाडं आठवड्याला २१० पौंड होतं. वर्षाचा हिशोब केलास तर दहा हजारांच्या वर जातं, डोळे फिरतात. पण त्यात गाडी, इन्शुरन्स, टायर, सगळं आलं, आणि नको झालं की चावी टेबलावर ठेवून बाहेर पडता येतं. दरम्यान तुझ्या लायसनचं वय वाढत राहतं. नवीन माणसाला मी तरी हाच रस्ता सांगतो.

एक गोष्ट मात्र मी धडा शिकून सांगतोय. त्या भाड्याच्या व्हॅनला इन्शुरन्स असतो, पण ओरखडा, आरसा, बंपर हे कंत्राटदार तुमच्याच पगारातून कापतो. करारात बारीक अक्षरात असतं. माझे सरकत्या दरवाज्याच्या पोच्यासाठी ६०० पौंड कापले. तो पोचा मी गाडी घेतली तेव्हापासून होता, पण माझ्याकडे फोटो नव्हता. त्यानंतर मी रोज सकाळी, पाऊस असो की बर्फ, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून व्हिडिओ काढायचो. बाकीचे हसायचे, ‘पंडित आला पूजेला’ म्हणायचे. हसू देत.

स्वतःची व्हॅन घेशील तेव्हा कमी पैशात बसवायच्या नादात दोन खड्डे आहेत. पहिला, गाडी मुख्यतः तूच चालवणार, पण पॉलिसी वहिनींच्या नावावर काढून तुझं नाव जोडीदार ड्रायव्हर म्हणून घालायचं. याला इथे फ्रंटिंग म्हणतात आणि ही सरळ फसवणूक धरली जाते. पॉलिसी रद्द, आणि पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये ‘तुमची पॉलिसी कधी रद्द झाली होती का’ याला हो लिहावं लागतं. नर्सच्या नोकरीवर असलेल्या बाईच्या नावाला हे लावू नकोस. दुसरा खड्डा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचे स्वस्तातले एजंट. आपल्यातलेच असतात, गोड बोलतात, तीन हजारांची पॉलिसी नऊशेत देतात, पीडीएफही अगदी खरी दिसते. एकतर ती बनावट असते, नाहीतर तुझं वय, पत्ता, धंदा खोटा लिहून काढलेली असते. ब्रोकरचं नाव एफसीएच्या (विमा आणि पैशांच्या धंद्यांवर नजर ठेवणारी इथली संस्था) यादीत बघायचं आणि पैसे भरल्यावर आपला नंबर राष्ट्रीय यादीत आला का ते तपासायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

खरोखर दर उतरवणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. वर्षाचे मैल खरे पण नेमके लिही. ट्रॅकर आणि जादा कुलपं बसव. कुरिअरचंच काम करणाऱ्या ब्रोकरला फोन कर, तुलनेच्या वेबसाइटवर थांबू नकोस. भारतातला अनुभव ऐकून घेणारा कुणी भेटला तर फोनवरच भेटतो. आणि थर्ड पार्टी स्वस्त असणार हे आपलं गणित इथे लागू होत नाही. मला दोन वेळा फर्स्ट पार्टीच स्वस्त पडली, कारण थर्ड पार्टी मागणारे बहुतेक जण जोखमीचे, असा कंपन्यांचा हिशोब असतो. पैसे एकरकमी भरता आले तर भर. माझे ३,९६० हप्त्याने घेतले असते तर ४,४७० झाले असते, आणि नवीन माणसाला क्रेडिटचा इतिहास नसल्याने हप्ता नाकारतातही.

याच्यावर आणखी दोन गोष्टी लागतात. गाडीच्या पॉलिसीत आतला माल येत नाही, त्याला गुड्स इन ट्रान्झिट वेगळं. कायद्याने सक्ती नाही, पण कंत्राट देणारे निदान १०,००० पौंडांचं मागतात. कुणाच्या दारात काही मोडलं, कुणी पार्सलला अडखळून पडलं तर पब्लिक लायबिलिटी. माझं दोन्ही मिळून वर्षाला २४० पडतं. आणि भाच्याला मदतीला घेऊन पगार द्यायचा विचार असेल तर कामगाराचा विमा सक्तीचा आहे, १९६९ चा कायदा आहे, नसला तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड. भाचा स्टुडंट व्हिसावर असेल तर त्याला स्वतःचा धंदा करता येत नाही, आणि पगारावर घेतलास तरी टर्म चालू असताना तासांची मर्यादा असते. तुझ्या डिपेंडंट व्हिसाला स्वतःचा धंदा चालतो, तेवढं तुझं बरं आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये, दुपारचे चार, इथे तेव्हा अंधार पडलेला असतो, लेस्टरमधल्या हायफिल्ड्सच्या एका गल्लीत रिव्हर्स घेताना मी एका घराच्या विटांच्या खांबाला धडकलो. खांब हळूच, अगदी सावकाश, बागेत आडवा झाला. आतून एक म्हातारे गुजराती काका स्लीपर घालून बाहेर आले, खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, चहा घेणार? गवंड्याचे ६४० पौंड मी खिशातून दिले, क्लेम केला नाही. तरी कंपनीला कळवावं लागलंच, पॉलिसीतच तशी अट असते. रिन्युअलला जो दर आणखी खाली यायला हवा होता तो तेवढा आला नाही, आणि का, ते कुणी सांगत नाही.

आता तुझा हिशोब मांड. ३,९६० ला वर्षातले २८० कामाचे दिवस लावले तर दिवसाला १४ पौंड. मला तेव्हा पार्सलमागे ७० पेन्स मिळायचे. म्हणजे रोजची पहिली वीस पार्सलं मी इन्शुरन्स कंपनीसाठी टाकत होतो, त्यानंतर डिझेल, त्यानंतर मी. ५,८४० ला हेच तीस पार्सलं होतात. टॅक्स भरताना हा खर्च वजा करता येतो, पण मैलामागे ठरावीक रक्कम घेण्याची सोपी पद्धत निवडलीस तर इन्शुरन्स त्यातच धरलेला असतो, वेगळा दाखवता येत नाही.

तिकडून निघताना तुझ्या कंपनीकडून नो क्लेमचं पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, गाडी नंबर आणि तारखांसह घे. आरटीओतून लायसन पहिल्यांदा कधी मिळालं याचा उताराही घे. दहापैकी नऊ ब्रोकर बाजूला सारतील, दहावा बघेल.

आणि त्या ट्रान्झिटचा नंबर मला पाठव. तिच्या नंबरावर आणि तुझ्या खऱ्या माहितीवर कोटेशन काढायला एक पैसा लागत नाही, रविवारी बसून आपण दोघं फोनवर काढू. तोवर त्या ओळखीच्याला टोकन देऊ नकोस. दिलं असशील तर आजच परत माग.