वाचकांचे प्रश्न : आल्पिन ए११० घेताना

प्रश्न : मी ल्योनला राहतो. इथं १९७१ची निळी आल्पिन ए११० ‘१६०० एस’ ही फ्रेंच स्पोर्ट्स कार विक्रीला आहे. ‘संपूर्ण रिस्टोअर केलेली, रॅलीचा इतिहास असलेली’ अशी जाहिरात आहे. मालक म्हणतो, बॉडी फायबरची आहे, त्यामुळे गंजाचं नाव नको. बघायला जाताना काय तपासू?

उत्तर : मालक म्हणतो ते अर्धंच खरं आहे. फायबर गंजत नाही, पण फायबरच्या पोटात पोलादी चासी, म्हणजे सांगाडा, आहे आणि ती व्यवस्थित गंजते. या गाडीला मधोमध एक जाड गोल नळी असते. नळीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला सस्पेन्शन, स्टेअरिंग आणि इंजिन धरणाऱ्या चौकटी वेल्ड केलेल्या असतात. बॉडी या सांगाड्याला फायबर आणि रेझिननं चिकटवलेली असते, बोल्टनं कसलेली नसते. सांध्यात पाणी शिरलं की बाहेर पडायला वाट सापडत नाही.

म्हणून रंगाकडे नंतर बघा, आधी गाडी लिफ्टवर चढवायला सांगा. नळीला चौकटी जिथं मिळतात तिथले वेल्ड टॉर्च लावून पाहा. तडा बहुतेक वेल्डच्या कडेनं केसासारखा धावतो आणि त्याच्यातून तांबूस ओघळ आलेला दिसतो. पुढची आडवी चौकट बोथट स्क्रू-ड्रायव्हरनं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. ‘बद’ आवाज आला किंवा टोक आत गेलं तर पत्रा संपलाय. अंडरकोटचा ताजा जाड काळा थर असेल तर सावध व्हा. मालक खरडू देणार नसेल, तर नळीत एंडोस्कोप कॅमेरा सोडायची परवानगी तरी मागा. चासी बदलायची म्हणजे बॉडी कापून सोडवायची आणि पुन्हा लॅमिनेट करायची. हा खर्च इंजिनाच्या कामापेक्षा सहज वर जातो.

फायबर आतून बघा. चाकाच्या कमानीत आणि पुढच्या बॉनेटखाली मूळ काम सगळीकडे सारख्या जाडीचं असतं. ठोकरीनंतरच्या दुरुस्तीत मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या कापडाचे, जाड पट्टे आणि वेगळ्या छटेचं रेझिन दिसतं. रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील तर त्या खालच्या जेलकोटमधल्या, म्हणजे फायबरवरच्या रेझिनच्या थरातल्या, आहेत. नुसता रंग मारला तर काही महिन्यांत पुन्हा वर येतात.

‘रॅलीचा इतिहास’ म्हणजे दारावरचे आकडे नव्हेत. १९७१ची मोंते कार्लो रॅली ओवे अँडरसननं याच गाडीत जिंकली आणि १९७३मध्ये उत्पादकांचं पहिलंवहिलं जागतिक रॅली विजेतेपद आल्पिन-रेनोला मिळालं. तेव्हापासून साध्या ए११०लाही रॅलीचा साज चढवायचा मोह लोकांना होतो. त्या काळचे फोटो आणि स्पर्धेची कागदपत्रं मागा. फोटोतला नंबर आजच्यापेक्षा वेगळा असला तर लगेच खोटेपणा धरू नका. फ्रान्समध्ये २००९पर्यंत गाडी दुसऱ्या जिल्ह्यात गेली की नंबर बदलायचा. मात्र जुन्या नोंदणीपत्रांची, म्हणजे ‘कार्त ग्रीज’ची, साखळी जुळायला हवी.

कागदपत्रांत काँत्रोल तेक्निकचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तांत्रिक तपासणीचा, सहा महिन्यांच्या आतला अहवाल आणि गाडीवर बोजा नसल्याचा पंधरा दिवसांच्या आतला दाखला घ्या. पैसे त्यानंतर.

प्रश्न : ती खरी ‘१६०० एस’ आहे, १३००वरून बनवलेली नाही, हे कसं ओळखायचं?

उत्तर : कारखान्यानं लावलेल्या ओळखीच्या प्लेटवरचा प्रकार बघा. १६०० एसला ‘१६०० व्हीबी’ असतं, ‘१३०० व्हीसी’ म्हणजे दुसरीच गाडी. प्लेटवरचा, चासीवर ठोकलेला आणि नोंदणीपत्रावरचा, असे तिन्ही चासी नंबर एकच हवेत. प्लेटचे रिव्हेट नवेकोरे असतील तर ते का बदलले, हे विचारा. इंजिनावर विसंबू नका. १५६५ सीसीचं हे अॅल्युमिनियम ब्लॉक रेनो १६ टीएसमध्येही होतं, त्यामुळे ते मिळवून बसवणं अवघड नव्हतं. दोन ४५ डीसीओई वेबर कार्बोरेटर तर आजही नवे मिळतात. आणखी एक : ए११० आल्पिनच्या फ्रान्समधल्या दिएप इथल्या कारखान्याबाहेर स्पेन, मेक्सिको आणि बल्गेरियातही परवान्यानं बनायची. त्या गाड्या वाईट नाहीत, पण दिएपच्या गाडीची किंमत त्यांना देऊ नका.

प्रश्न : १६०० एसचं हेड गॅसकेट बदलून आणलं. आता डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसतंय. गॅसकेट पुन्हा गेलं का?

उत्तर : गॅसकेटपेक्षा लायनरच्या बुडाच्या सीलवर संशय जातो. या इंजिनात वेट लायनर, म्हणजे भोवती कूलंट फिरणारी सिलिंडरची सुटी नळकांडी, आहेत. ते ब्लॉकमध्ये घट्ट ठोकलेले नसतात, हेडच्या दाबानं जागेवर बसतात. हेड सरळ वर उचललं तर चिकटलेला लायनर सोबत उचलला जातो; लायनर क्लॅम्पनं न दाबता क्रँक फिरवला तर पिस्टन त्याला हलवतो. दोन्ही वेळा बुडाचं सील फाटतं आणि कूलंट खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं. हेड आधी आडवं हलवून सुटं करायचं असतं, उचलायचं नंतर.

आता इंजिन सुरू करू नका, बेअरिंगं जातील. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी ड्रेन प्लग हळूच ढिला करा. आधी पाणी आलं तर शंका मिटली. चेंबर काढून रेडिएटरला पंपानं दाब द्या आणि थेंब कुठल्या लायनरखालून पडतोय ते पाहा. नवी सीलं बसवल्यावर लायनर ब्लॉकच्या वर किती उभा राहतो, ते डायल गेजनं प्रत्येकी दोन-तीन ठिकाणी मोजा. माप मॅन्युअलमधल्या मर्यादेत हवं आणि चारही लायनर एकमेकांशी जुळायला हवेत. एखादा बुटका राहिला तर नवं गॅसकेटही तिथूनच फुंकेल.

प्रश्न : हेडलाइट मिणमिणतात, हॉर्न वाजवला की इंडिकेटर लुकलुकतो. डायनॅमो बदलू?

उत्तर : थांबा. फायबरमधून करंट परत जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी, वेगळी वायर लागते. तिची टोकं हिरवी पडली की करंट शेजारच्या दिव्यातून वाट काढतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर थेट दिव्याच्या अर्थला टेकवा. उजेड वाढला तर टोकं घासा, नवे टर्मिनल लावा. तेवढ्यात इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदला. इथेनॉलनं जुनं रबर चिरतं आणि आग लागली तर फायबर विझवणं कठीण. बॅटरीचा कट-ऑफ स्विच असावाच.

प्रश्न : वळणावर अॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू एकदम निसटते. शॉक अॅब्सॉर्बर गेलेत का?

उत्तर : तपासा, पण हा तिचा स्वभावच आहे. इंजिन मागे आणि १६०० एसला मागे स्विंग एक्सल, म्हणजे चाकासकट वरखाली झुलणारा एक्सल. भार पुढे सरकला की मागची बाजू उचलते, चाकं आत दुमडतात आणि पकड जाते. वेग वळणाआधी कमी करा आणि वळणात पाय किंचित दाबूनच ठेवा. टायरची हवा पुढे कमी, मागे जास्त. नंतरच्या ‘१६०० एससी’ला आल्पिनच्याच ए३१०सारखं विशबोन सस्पेन्शन आलं, ती बरीच शांत आहे.

प्रश्न : अशी गाडी पुण्यात आणून नोंदवता येईल का?

उत्तर : आयातीची परवानगी आणि शुल्क कस्टम एजंटकडून आधी लेखी घ्या. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला ती चालवता येत नाही. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. त्यामुळे चासीचा नंबर इथंही उपयोगाला येतो.