दशम्या तिकोनी कर

प्रश्न : मावशी, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून रेल्वेने कोचीला निघालोय. आम्ही दोघं, सहा आणि नऊ वर्षांची मुलं आणि सासरे. गाडी शनिवारी रात्री उशिराची, पोचणार सोमवारी पहाटे. तिथे आठवडाभर राहायचंय, खोलीत शेगडी आहे. कोशरचं, म्हणजे आम्हा ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या नियमांचं, सगळं आजवर सासूबाईच बघायच्या. त्या आता नणंदेकडे इस्रायलला असतात. सासरे फार काटेकोर, आणि मुलांना मटणाची कटलेटं हवीत. काय न्यावं? रेल्वेतलं शाकाहारी जेवण चालेल का?
— एक वाचक, कोंढवा

उत्तर : अगं, कटलेटं घरीच राहू देत. मुलं रुसतील, पण ऐक.

माझी मुलं लहान असताना आम्ही नवस फेडायला अलिबागकडे, एलियाहू हनाबी या आपल्या प्रेषिताच्या खंडाळ्याला निघालो होतो. पिशवीत तळाशी गरम कटलेटं आणि वर मुलांसाठी दहीभात. घाटातल्या वळणांत दह्याचं झाकण निघालं आणि सगळं दही कटलेटांवर. चौदा कटलेटं, पहाटे चारला उठून केलेली. दूध आणि मांस आपल्यात एकत्र खात नाहीत, म्हणून खायचा प्रश्नच नव्हता. मुलं रडली, आणि आम्ही रस्त्याच्या कडेला चटणी-भाकरी खाऊन पुढे गेलो. तेव्हापासून आमच्या घरचा प्रवास बिनमटणाचा.

त्यात सोयही बघ. मटण खाल्लं की दुधासाठी किती तास थांबायचं, ते गाडीत घड्याळ लावून बघत बसावं लागतं. मटणच नसेल तर मुलांनी जेवणानंतर आइस्क्रीम मागितलं तरी डब्यामुळे अडणार नाही. डबे, चमचे, सुरी यांचाही एकच संच पुरतो. मी तुळशीबागेतून डबे घेतले तेव्हा नावाच्या जागी दुधाच्या डब्यांवर ‘दू’ आणि मटणाच्या डब्यांवर ‘मा’ कोरून घेतलं होतं. तीस वर्षं झाली, घरात कुणाचा घोटाळा होत नाही. तू फक्त ‘दू’चे ने.

आता दशमी. प्रवासाला दशमीसारखं दुसरं काही नाही. पाण्याऐवजी दुधात भिजवलेली म्हणून तिसऱ्या दिवशीही मऊ आणि चांगली राहते. पण इथेच आपल्या धर्माची एक बारीक गोष्ट आहे. दुधात भिजवलेली पोळी-भाकरी नेहमीच्या आकाराची करायची नाही, असा तालमुद या आपल्या जुन्या धर्मग्रंथापासूनचा नियम आहे. ती दिसायला नेहमीसारखी असली तर कुणी चुकून मटणाच्या रश्श्याशी खाईल. थोडीशी, लगेच संपणारी केली तर चालते, नाहीतर आकार बदलायचा. म्हणून माझी आई दशमीला घडी घालून तिकोनी लाटायची. तिकोनी दिसली की दुधाची, हे आम्हाला वाचायला यायच्या आधी कळत होतं. तुझ्या तीसेक तरी लागतील, तेव्हा तिकोनीच कर. लोणी-तूप जपून लाव, आणि भाजल्यावर कापडावर पूर्ण गार होऊ दे. गरम रचल्या तर खालच्या घामेजतात आणि बुरशी तिथूनच धरते.

बरोबर शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी, मेतकूट, तेलातला चिवडा, शेंगदाण्या-गुळाचे लाडू. ओलं नारळ नको. नारळाचं दूध ही आपल्या स्वयंपाकाची शान खरी, पण प्रवासात ते आंबतं. भातही नेऊ नकोस. उकडलेली अंडी सालासकट फ्रिजमध्ये ठेव, शनिवारी निघताना काढ आणि त्याच रात्री गाडीत संपवा.

हो, गाडी शनिवारी रात्रीची आहे! म्हणजे शनिवारी ना शिजवायचं ना भरायचं. शब्बाथ, आपला विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळताना लागतो आणि शनिवारी तारे दिसल्यावर संपतो. त्या दिवशी पुढच्या दिवसाची तयारीसुद्धा करत नाहीत. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दशम्या झालेल्या, डबे भरलेले, बॅगेची चेन लावलेली असू दे. दिवाळीच्या सुमाराला पुण्यात सहाच्या आसपास मावळतो, म्हणून दुपारी जेवण झाल्या झाल्या तव्याला लाग. शनिवारी तारे दिसल्यावर फक्त पाणी भरायचं आणि फ्रिजमधली अंडी घ्यायची.

रेल्वेतलं शाकाहारी जेवण तुझ्या सासऱ्यांना देऊ नकोस. ‘शाकाहारी’ म्हणजे कोशर नव्हे. आत मटण नसतं एवढीच खात्री. भांडं कुणाचं, शिजवलं कुणी, पालेभाजी-फ्लॉवरमधले किडे कुणी निवडले, हे कळत नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका कामाचा आहे, कारण त्यात दूध, मध, मेण, लाख असल्या गोष्टींपलीकडे जनावराचं काही नसतं. पण चीज घेताना अनेक घरांत तेवढ्यावर भागत नाही. तिथे सासऱ्यांचं ऐक. स्टेशनवर केळी आणि मोसंबी घे, चिरलेली फळं नको. कांदा-लिंबू आपल्याच सुरीने चिर. तिखट-आंबट पदार्थ सुरीची चव ओढून घेतात, म्हणून त्या बाबतीत नियम कडक आहे.

कोचीत तवा, कढई आणि एक पातेलं आपलं ने. मासळी घे, तिथे चंगळ आहे. खवले आणि पर दोन्ही हवेत. कोळंबी, खेकडे, माकूल नाही. करीमीन चालतो. अख्खा मासा बघून घे. शेपटीकडून डोक्याकडे नख ओढ. कातडी न फाटता खवला सुटून नखावर आला पाहिजे. विकणारा साफ करून देतो म्हणाला तर आपली सुरी दे, नाहीतर घरी आणून साफ कर. आणि मट्टनचेरीचं 1568चं ‘परदेशी’ नावाचं सिनेगॉग, म्हणजे आपलं प्रार्थनामंदिर, मुलांना दाखवायचं तर शुक्रवार-शनिवार सोडून जा.

शुक्रवार तिथेच येईल, म्हणून किद्दूशला, म्हणजे शब्बाथ लागताना द्राक्षरसावर म्हणायच्या प्रार्थनेला, एक वाटीभर काळ्या मनुका वेगळ्या पुडीत बांध. बाहेरची वाइन शोधत बसायला नको. गुरुवारी रात्री दुप्पट पाण्यात भिजत घाल, शुक्रवारी दुपारी हाताने कुस्कर आणि स्वच्छ पंचातून घट्ट पिळ. किद्दूशला पाच जणांना घोट-घोट पुरतो. पंचा नवीन ने. मनुकांचा रंग निघत नाही, आणि तिथल्या खोलीतला टॉवेल खराब व्हायला नको.