ते चार हजार हिशेबात का नाहीत?

‘ताई, मी मिरजेची, वय ३२. इंग्रजी-मराठी-हिंदी भाषांतराचं काम तीन वर्षं ऑनलाइन करते. सुरुवातीला बरं चाललं. आता एका कामावर पन्नास-पन्नास जण तुटून पडतात. गेल्या महिन्यात २४ ठिकाणी प्रपोजल टाकली, काम मिळालं एक. कुठल्याशा ॲपचा ८,००० शब्दांचा मजकूर, ४० डॉलर, त्यातून साइटचे १० टक्के गेले. प्रपोजल टाकायला कनेक्ट (म्हणजे साइटची टोकन) विकत घ्यावे लागतात, ते वेगळेच. हल्ली बहुतेक कामं “मशीनने केलंय, फक्त तपासून द्या” अशी, निम्म्या दराची. सासूबाई म्हणतात, दिवसभर डोळे फोडतेस, पैसा कुठाय? मधे कुपवाडच्या एका ओळखीच्या काकांच्या कारखान्यातल्या, द्राक्षबागेत औषध फवारायच्या ब्लोअरची माहितीपुस्तिका मराठीत करून दिली, त्यांनी आपणहून चार हजार दिले, पुढच्या मशीनचंही बघ म्हणाले, पण ते काही खरं फ्रीलान्सिंग नाही. आता दर आणखी उतरवून आधी पाच-सहा चांगले रिव्ह्यू मिळवू, की १८ हजारांचा फ्रीलान्सिंगचा कोर्स करू?
– हताश, मिरज’

दर उतरवू नकोस. कोर्स करू नकोस. तुझे दोन्ही प्रश्न संपले.

आता त्या वाक्याकडे ये, जे तू सासूबाई आणि कोर्स यांच्या मधे कोंबून टाकलंस. ‘पण ते काही खरं फ्रीलान्सिंग नाही.’ का गं? डॉलरमध्ये नव्हतं म्हणून? स्टार मिळाले नाहीत म्हणून? की काकांनी पैसे देताना चहा पाजला म्हणून?

जरा आकडे मांडू, कारण तीन वर्षांत तू ते एकदाही मांडलेले दिसत नाहीत. एक कनेक्ट १५ सेंटला. प्रपोजलमागे सरासरी बारा धर. खरा आकडा तुझ्या खात्यात आहे, तो बघ. २४ गुणिले १२, म्हणजे २८८ कनेक्ट, ४३ डॉलर २० सेंट. कामाचे हातात आले ३६. सात डॉलर तू घरातून घातलेस आणि वर आठ हजार शब्द लिहून दिलेस, जे नीट तपासून करायला चार दिवस लागतात. सासूबाई रागाने बोलल्या असतील, पण हिशेब त्यांचाच बरोबर आहे. त्यांच्या बाबतीत माझ्याकडून सहानुभूतीची अपेक्षा ठेवू नकोस. काकांचे चार हजार मात्र एकही प्रपोजल न टाकता आले, आणि ते त्या ३६ डॉलरपेक्षा जास्त आहेत.

दर उतरवून रिव्ह्यू मिळवायची युक्ती चालत नाही, कारण तुझ्या खाली उतरायला नेहमीच कुणीतरी तयार असतं. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्यातला बारावी झालेला कुणीही त्या साइटवर ‘मराठी भाषांतरकार’ होऊ शकतो. शिवाय २०१७ पासून गूगलचं मराठी बऱ्यापैकी वाचनीय झालं, तेव्हापासून मजकूर मशीनमधून काढून वरवर झाडून देणारेही त्याच रांगेत आहेत. ॲपवाल्याला दोघांतला फरक कळत नाही, कारण त्याला मराठी येत नाही. जो माल पारखू शकत नाही, तो स्वस्तातलाच उचलणार. तुझे पाच स्टार तुला शब्दाला अर्धा सेंट देणारीच पुढची गिऱ्हाइकं आणून देतील, आणि त्यांना तू एक सेंट सांगितलास की ती दुसरीकडे जातील. (दुसऱ्या साइटवर जायचा विचार मनात असेल तर सांगते, फायव्हर २०१० साली सुरूच झालं पाच डॉलरच्या कामांवर, आणि तिथे विकणाऱ्याच्या कमाईतून २० टक्के कापतात.)

काकांना मात्र फरक कळतो. पैशातच कळतो. द्राक्षवाल्याने ब्लोअर चुकीचा चालवला, पंपातला डायफ्राम (रबरी पडदा) फाटला, की वॉरंटीत माणूस पाठवायचा कुणी? काकांनी. तासगाव, जत, पार पंढरपूरपर्यंत. दिवसभराचा मेकॅनिक, गाडीचं डिझेल, आणि ऐन फवारणीत मशीन बंद म्हणून शेतकऱ्याच्या शिव्या. पुस्तिकेतल्या एका नीट वाक्याने अशी एक फेरी वाचली, तरी तुझे चार हजार वसूल झाले. म्हणून त्यांनी न मागता दिले. दयेने दिले असं तुला वाटतंय, ते डोक्यातून काढ.

आता काम कसं असतं ते जवळून बघू. मूळ इंग्रजी पुस्तिकेत अशा अर्थाचं वाक्य असतं: साइट ग्लासमधलं ऑइल दुधाळ दिसलं तर पंप ताबडतोब थांबवावा. मशीन त्याचं ‘दृष्टी काचेतील तेल दुग्धमय आढळल्यास’ करून देतं. ‘ब्लीड’चा, म्हणजे आत अडकलेली हवा काढण्याचा, रक्तस्राव होतो, नटाचा सुकामेवा होतो, आणि ग्रीस निपलचं जे होतं ते इथे छापता येणार नाही. ‘फक्त तपासून द्या’वाल्या कामात हेच निम्म्या दराने निस्तरायचं असतं. बागेत उभ्या माणसाला हवंय ते असं: ‘पंपावरच्या ऑइलच्या वाटीत ऑइल दूध घातल्यासारखं पांढरं दिसलं, तर फवारणी तिथेच थांबवा. आतला डायफ्राम फाटून औषधाचं पाणी ऑइलमध्ये शिरलंय. तसंच चालवलं तर पंप जाईल.’ काय दिसेल, काय करायचं, का, आणि नाही केलं तर काय. हे मशीनला सुचत नाही, कारण हे भाषांतर नाहीच. हे तू नव्याने लिहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट, सूचनांचा क्रम. ‘पंख्याच्या जाळीत अडकलेला पाला काढा. पाला काढण्यापूर्वी पीटीओ बंद असल्याची खात्री करा.’ (पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनावर मशीन फिरवणारा दांडा.) माणूस पहिलं वाक्य वाचतो आणि हात घालतो. दुसरं वाक्य वाचायला हात उरला पाहिजे. म्हणून पीटीओ बंद, ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, पंखा पूर्ण थांबेपर्यंत थांबा, आणि मग पाला. पहिल्या पुस्तिकेत तू मूळ इंग्रजीचा क्रम तसाच ठेवला असशील तर तीच आधी दुरुस्त कर, फुकट.

तर आता करायचं एवढंच: काकांना फोन. तुमच्याकडच्या एमआयडीसीची सुट्टी ज्या वारी असेल तो वार सोडून, सकाळी अकराच्या आसपास, म्हणजे माल उतरवण्याची गडबड संपलेली असते. ‘काका, काही काम आहे का’ असं विचारायचं नाही. विचारायचं हे: ‘काका, मागच्या सीझनला सगळ्यात जास्त तक्रारी कशाच्या आल्या?’ आणि मग गप्प बसायचं. ते दहा मिनिटं बोलतील. सगळं लिहून घे. मग म्हण, ‘मला अर्धा दिवस वर्कशॉपमध्ये येऊ द्या, तुमच्या फिटरशी बोलते, आणि या तक्रारी कमी होतील अशी पुस्तिका लिहून देते.’

शॉपमध्ये गेलीस की एकेका पार्टचा फोटो काढ आणि फिटर त्याला काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिही. वॉशर नाही, वायसर. थ्रेड नाहीत, आटे. स्पॅनर नाही, पाना. साठ-सत्तर शब्दांची यादी होईल. ती तुझं भांडवल आहे, कारण पुढच्या मशीनला निम्मी तीच लागेल आणि एकाच नोझलला पानागणिक वेगवेगळी नावं पडणार नाहीत. सर्व्हिसचा फोन घेणाऱ्या मुलाजवळही दहा मिनिटं बस. सगळ्यात जास्त येणाऱ्या पाच तक्रारी पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, मलपृष्ठावरच टाक, कारण ती कुणी उघडत नाही, ती ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये उलटी पडलेली असते. लिहून झाली की नव्याने लागलेल्या पोऱ्याच्या हातात दे आणि म्हण, वाच आणि मशीन चालू करून दाखव. तू तोंड उघडायचं नाही. तो जिथे अडेल तिथे तुझं वाक्य चुकलंय.

मग छपाई. इथे बरीच चांगली कामं वाया जातात. तू मजकूर युनिकोडमध्ये देणार, आणि प्रेसवाल्याकडे जुनं कोरलड्रॉ आणि श्रीलिपीचे जुने फाँट असणार. त्या रूपांतरात रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, कधी आकडे बदलतात. ‘५४० फेरे’चे ‘५०४’ झाले तर दोष तुझ्या माथी. म्हणून मजकुरासोबत पीडीएफ दे, आणि छापण्याआधीचं प्रूफ कागदावर मागून घे, मोबाइलवर नको. त्यात सर्वांत आधी आकडे तपास: फेरे, बार, लिटर, किती तासांनी ऑइल बदलायचं. पानांची संख्या चारच्या पटीत ठेव, मधे पिन मारायची तर तसंच लागतं. १६ पानं छान बसतात.

पैसे. १६ पानी पुस्तिकेचे नऊ हजार सांग. शब्दांवर दर लावू नकोस, नाहीतर पाल्हाळ लावशील. त्यात शॉपची एक फेरी, लेखन आणि दोन वेळा दुरुस्त्या. तिसऱ्यांदा बदल आले तर पानामागे वेगळे पैसे, आणि हे आधीच व्हॉट्सॲपवर लिहून टाक. निम्मे आगाऊ. काका ओळखीचे आहेत म्हणून हे सांगायची लाज वाटेल, माहितीये. आगाऊ मागितल्याने ओळख तुटत नाही, उधारीने तुटते.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून घे. सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन पुरतं; पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद कर, ती एजंटाची आहे. हा नंबर बिलावर टाकलास की २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे बिल फेडायची मुदत लागू होते: लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५. आणि २०२४ पासून असं आहे की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते देईपर्यंत देणाऱ्याला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. म्हणजे तुझी आठवण काकांना त्यांचे सीएच करून देतील. वर्षाला एकाच गिऱ्हाइकाकडून ५० हजारांच्या वर गेलीस तर ते १० टक्के टीडीएस कापू शकतात. घाबरू नकोस, रिटर्न भरलं की हिशेबात येतो.

एका काकांवर घर चालणार नाही असं म्हणशील. चालणार नाहीच. पण तू आहेस कुठे ते बघ. सांगली जिल्ह्यात हळद पॉलिशचे ड्रम बनतात, कोल्हापूरकडे शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसी आहे, इचलकरंजी यंत्रमागांवर उभी आहे. तुझ्या घरापासून दीड तासाच्या आत. यातल्या किती जणांच्या मशीनसोबत वाचण्याजोगी मराठी पुस्तिका जाते, ते कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन खोकी उघडून बघ. आणि काकांचा ब्लोअर विजयपूरच्या द्राक्षबागांतही जात असणार. तिथल्या शेतकऱ्याला मराठी पुस्तिका काय कामाची? मिरजेत कन्नड उत्तम लिहिणारी एखादी शोधायला तुला एक संध्याकाळ पुरेल. मराठी तू लिही, कन्नड तिच्याकडून करून घे, फिटरची यादी तिला दे, आणि काकांना दोन्हीचं एकच बिल लाव. तिचे पैसे काकांनी द्यायची वाट न बघता दे.

वेळेचं एक भान ठेव. ऑक्टोबरची छाटणी झाली की ब्लोअर बागेत फिरू लागतात, म्हणजे मशीन त्याआधी विकलं जातं आणि पुस्तिका ऑगस्टअखेर प्रेसमध्ये गेलेली लागते. डिसेंबरात पुण्याला मोशीत किसान प्रदर्शन असतं. तिथे स्टॉल लावणाऱ्यांना माहितीपत्रकं नोव्हेंबरातच हवी असतात. पुढच्या दोन महिन्यांत साइट उघडलीस तरी चालेल, पण कनेक्ट विकत घ्यायचा नाही. जुनं गिऱ्हाईक आपणहून आलं तर कर, नाही आलं तर सोड.

शॉपमध्ये जाताना साधी वही आणि पेन्सिल ने. फोटोपुरताच फोन काढ, टिपणं त्यात घेऊ नकोस; तिथे दर दोन मिनिटांनी कुणीतरी हातात काहीतरी ठेवतं आणि बोटांना ग्रीस लागतं.