‘युक्रेन’ ही शीव खरी, पण कोणाची?

नाशिकरोड येथील एका वाचकाने विचारले आहे : ‘युक्रेन या नावाचा अर्थच सीमाप्रदेश असल्यामुळे तो मुळात रशियाचा भाग ठरतो, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे का? आणि तेथील राजधानीचे नाव मराठीत कसे लिहावे?’

राजधानीचे नाव ‘किईव’ असे लिहावे; उच्चाराला ते जवळचे आहे आणि ‘कीव’ लिहिल्यावर होणारा दयेचा भास त्याने टळतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि हा युक्तिवाद गेली काही वर्षे इतक्या ठामपणे कानी पडतो आहे की आता त्याचा राग येऊ लागला आहे. नाशिक हे नाव नासिकेवरून आले असे आपण शूर्पणखेची कथा सांगून मानतो (नऊ शिखरांचा पक्ष वेगळा), परंतु म्हणून नाशिककरांचे नाक कापण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही.

स्लाव भाषांतील ‘क्राय’ म्हणजे कड, काठ. त्याचे मूळ कापणे या अर्थाच्या धातूत आहे. जेथे कापले तेथे कड येते, आणि कापून जे वेगळे निघते तो भूभाग होतो. आजच्या युक्रेनियन भाषेत ‘क्राइना’ म्हणजे चक्क देश. आपला ‘प्रांत’ याच वाटेने आला आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात वेदीभोवतीच्या अग्नींना ‘प्रान्तसंस्तीर्णदर्भ’ म्हटले आहे, म्हणजे ज्यांच्या कडेने दर्भ अंथरले आहेत असे. संस्कृतातील ही कड मराठीत सबंध मुलूख झाली, आणि निफाडच्या प्रांत कचेरीत दाखल्यासाठी ताटकळणाऱ्या शेतकऱ्याला आपण कसल्या काठावर उभे आहोत असे मुळीच वाटत नाही. त्याच्या घरची जोडी तर याहून सुरेख आहे : ‘शीव’ म्हणजे गावाची हद्द आणि ‘शिवार’ म्हणजे त्या हद्दीच्या आतली सगळी जमीन. जमिनीची कितीतरी नावे अशी काठावरच जन्मतात, असे माझे जुने मत आहे, आणि ‘युक्रेन’ हा त्याचा उत्तम दाखला होय.

व्लादिमीर पुतिन यांनी जुलै २०२१ मधील आपल्या दीर्घ लेखात या नावाची सांगड ‘ओक्राइना’ म्हणजे परिघावरील मुलूख या शब्दाशी घातली आणि बाराव्या शतकातील साधनांचा हवाला दिला. ते साधन उघडून पाहावेच. इपातियेव बखर या जुन्या स्लाव इतिवृत्तातील ११८७ च्या नोंदीत पेरेयास्लावचा राजपुत्र वारल्यावर ‘युक्रेन’ने फार शोक केला, असे म्हटले आहे. पेरेयास्लाव हे किईवच्या आग्नेयेस, गवताळ मैदानातील पोलोव्त्सी घोडेस्वारांच्या तोंडावर वसलेले राज्य होते. तेव्हा ही शीव किईवकडून मोजलेली होती, आणि ज्या मॉस्कोची म्हणून ती आज सांगितली जाते त्या मॉस्कोचा पहिला उल्लेखच ११४७ चा, म्हणजे या नोंदीच्या जेमतेम चाळीस वर्षे आधीचा आहे. उलट बाजूने, या नावात ‘सीमा’ हा अर्थ कधी नव्हताच, असा अट्टहास काही युक्रेनियन अभ्यासक धरतात, तोही अनावश्यक आहे. काठावरून नाव पडले यात लाजण्यासारखे काय आहे?

खरे दुखणे पायरीचे आहे. चौदाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठाने वापरलेल्या ग्रीक नावावरून ‘मालोरोसिया’, म्हणजे छोटा रशिया, हे नाव आले आणि झारांच्या राज्यात त्याचा अर्थ धाकटी पाती असा पक्का झाला. १८६३ मध्ये गृहमंत्री वालुयेव यांच्या परिपत्रकाने वेगळी ‘छोटी रशियन’ भाषा नव्हती, नाही आणि असूही शकत नाही, हे मत पुढे केले. १८७६ मध्ये दुसऱ्या अलेक्झांडरच्या फर्मानाने त्या भाषेतील जवळजवळ सर्व छपाई बंद पाडली. नसलेल्या भाषेवर बंदी घालण्याचा हा उद्योग कोणा वैयाकरणाला सुचला नसता.

टोपणनावेही त्याच वृत्तीची आहेत. कोसॅक या युक्रेनी लढवय्यांच्या शेंडीवरून रशियनांनी शेजाऱ्यांना ‘खखोल’ म्हटले. युक्रेनियनांनी ‘कत्साप’ अशी परतफेड केली. फास्मर यांच्या रशियन भाषेच्या व्युत्पत्तिकोशाचा कल ‘त्साप’ म्हणजे बोकड, अर्थात दाढीकडे, आहे. मला मात्र युक्रेनियन इतिहासकार यावोर्नित्स्की यांनी सुचवलेला तुर्की ‘कसाप’, म्हणजे खाटीक, अधिक पटतो. तोच मूळ अरबी शब्द आपल्याकडे ‘कसाब’ म्हणून नांदतो आहे, आणि सैन्य घेऊन येणाऱ्या शेजाऱ्याला नाव ठेवताना माणसाचे लक्ष त्याच्या हनुवटीपेक्षा हातातल्या सुऱ्याकडे आधी जाते.