वाचकांचे प्रश्न: गाडीच्या कापडी हूडमधनं पाणी गळतंय, नुसतं बिडिंग (कडेची रबरी पट्टी) बदलून भागेल का?

प्रश्न (निपाणीहून एक वाचक): नमस्कार सर, माझ्याकडं जुनी सॅन स्टॉर्म हाय, गोव्यात बनायची ती दोन सीटची उघड्या टपाची. मामांची होती, आता माझ्याकडं आलीया. गेल्या पावसाळ्यात चोर्ला घाटातनं येताना पुढच्या काचेच्या वरनं पाणी थेट मांडीवर येऊलालतं. मेस्त्री म्हणतोय नवीन बिडिंग लावू आणि वरनं सिलिकॉन मारून टाकू. तीन-चार स्क्रू तर नुसते फिरूलालेत, घट्टच होईनात. ओरिजनल रबर कुठं मिळेना झालंय. मिरगाच्या आत उरकायचंय, काय करू सांगा की.

उत्तर: दादा, पहिलं म्हणजे सिलिकॉन मारू देऊ नका. एकदा का ते लागलं की त्या जागेवर पुढं कुठलाच गोंद धरत नाही, कितीही घासा, आणि ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्यानं तर खालचं लोखंड गंजतं.

दुसरं, तुम्ही स्क्रूचं शेवटी सहज लिहिलंय पण माझ्या मते तुमचं खरं दुखणं तिथंच आहे. रबर स्वतः पाणी अडवत नाही, दाबलेलं रबर अडवतं. लॅच, म्हणजे हूड पुढं अडकवायची कडी, ज्या स्क्रूवर धरलाय तोच फिरत असेल तर हूड पुढच्या फ्रेमवर दाबून बसणार कसा, आणि मग तुम्ही कितीही भारी बिडिंग आणा, साठच्या स्पीडला वारा हूड जरासा उचलतो आणि पाणी आत. म्हणून आधी स्क्रू, मग रबर.

तुमच्या गाडीची बॉडी फायबरची आहे हे मेस्त्रीला परत परत सांगा. फायबरमध्ये स्क्रूचं भोक एकदा ढिलं झालं की जाड स्क्रू घालून फार दिवस निभत नाही, पुढच्या पावसाळ्यात तोही फिरायला लागतो. भोक थोडं मोठं करा, आतली धूळ काढा, अरल्डाईटमध्ये फायबरच्या कापडाचे बारीक धागे कापून मिसळा आणि ते ठासून भरा. एक अख्खा दिवस हात लावू नका, मग नवीन भोक पाडा. मागनं हात पोचत असेल तर त्याहून चांगलं, 2-3 मिमी ॲल्युमिनियमची पट्टी मागं ठेवायची आणि नट-बोल्ट घालायचा, मोठ्या घेराचा वाशर लावून, म्हणजे जोर एका जागी येत नाही. अशी पट्टी बेळगावच्या उद्यमबागेत कुणीही लेथवाला करून देईल. बोल्ट स्टेनलेसचे, 304 ग्रेडचे घ्या, ॲल्युमिनियमला जिथं टेकतात तिथं थोडं ग्रीस लावा नाहीतर ओलीत ॲल्युमिनियम पांढरी पावडर धरून खात जातं. आणि हातानंच आवळा, इम्पॅक्ट गन नको. माझ्या हातनं एकदा पाव वेढा जास्त झाला आणि बोल्टपासनं बोटभर लांब चीर गेली, तो कट्ट आवाज अजून कानात आहे.

गंजून अडकलेला स्क्रू असेल तर रात्रभर गंज सोडवायचं तेल घालून ठेवा. नाहीच निघाला तर ड्रिलनं डोकं उडवा. गॅसची ज्योत मात्र अजिबात नको, फायबर जळतं आणि हूडचं कापड पण.

आता रबर. जुन्याचा चार बोटं तुकडा कापून खिशात ठेवा. ओरिजनलच पाहिजे असं काही नाही, बस बॉडी बांधणाऱ्यांना लागतं तसलं बिडिंग मीटरवर मिळतं. फक्त ईपीडीएम (एक जातीचं कृत्रिम रबर) मागा, ते ऊन-पावसात वर्षानुवर्षं मऊ राहतं. फोमच्या चिकटपट्ट्या स्वस्त दिसतात पण पाणी पिऊन बसतात.

जाडी किती घ्यायची ते घरात बसून काढता येतं. चपातीच्या कणकेचे लिंबाएवढे गोळे करा, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा, जुनं रबर काढलेल्या जागी हातभर अंतरानं ठेवा आणि हूड लॅच लावून बंद करा. उघडल्यावर गोळा जेवढा चपटा झालाय तेवढी तिथली फट, व्हर्नियरनं मोजा. स्पंजचं रबर साधारण एक तृतीयांश दबायला पाहिजे, म्हणजे फट 7 मिमी आली तर 10 मिमीचं रबर. डाव्या-उजव्या बाजूला फरक आला तर रबर बदलून उपयोग नाही, आधी लॅच आणि फ्रेम सरळ करून घ्या.

लावताना दोन्ही जागा आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, नवीन रबरावर पण तेलकट थर असतो. फेव्हिकॉलचं एसआर, म्हणजे रबर चिकटवायचा गोंद, दोन्हीकडं लावा, बोटाला जेमतेम चिकटेल इतकं सुकू द्या, मग दाबा. आणि रबर ताणून लावू नका हो! ताणलं की महिन्याभरात आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते, नेमकी तिथनंच धार लागते. उलट चार-पाच मिमी जास्त ठेवून कोंबत न्या. जोड कोपऱ्यावर घेऊ नका, सपाट जागी घ्या, सरळ कापा, फेव्हिक्विकचा एक थेंब पुरतो.

एक दिवस झाला की रबरावर टाल्कम पावडर लावून हूड बंद करा आणि उघडा, समोरच्या फ्रेमवर पावडरची रेघ जिथं तुटली तिथं दाब नाही. मग नळाची साधी पाईप, प्रेशर वॉशर नव्हे, आणि खालनं वर यायचं, एकजण टॉर्च घेऊन आत. वरनं सुरुवात केली की पाणी सगळीकडं पसरतं आणि गळती कुठली तेच कळत नाही.

वर्षातनं दोनदा रबराला सिलिकॉन ग्रीस चोळा. साधं ग्रीस, रॉकेल, इंजिन ऑईल लावलं की ईपीडीएम फुगून लोळागोळा होतं.

प्रश्न (खानापूरहून एक वाचक): माझ्या जिप्सीच्या हूडची टिचबटणं सकाळी लागतच नाहीत, ओढून लावली तर कापडातनं निघून येतात. सगळी बदलू काय?

उत्तर: सगळी नको. खानापूरची थंडी आणि ओल तुम्हाला मी काय सांगायची, रेग्झिन गारठ्यात आखडतं. दुपारी उन्हात तासभर गाडी ठेवा आणि मग लावून बघा, निम्मी तरी लागतील. जी निघाली ती कुशनवाल्याकडनं बसवा, पण त्याच फाटलेल्या भोकात नको, मागनं रेग्झिनचा दुहेरी तुकडा शिवून घ्या आणि त्यावर बटण ठोका. बॉडीवरचा खुंट पितळेचा किंवा स्टेनलेसचा घ्या, वर्षातनं एकदा त्यावर मेणबत्ती घासा. आणि उघडताना कापडाला धरून ओढू नका, बटणाच्या अगदी कडेला बोट घालून उचला.