पहिल्या परिषदेला निघालीस ना?

पोरी, वणीहून थेट सिंथेटिक बायोलॉजीच्या (सजीवांच्या जनुकांची नवी रचना करायचं शास्त्र) आंतरराष्ट्रीय परिषदेला कपाशीच्या गुलाबी अळीवरचं पोस्टर घेऊन निघालीस, लई बरं वाटलं. 2004 साली अमेरिकेतल्या एमआयटीत एसबी 1.0, म्हणजे या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तेव्हापासून या विषयात इंजिनिअर अन् जीवशास्त्रज्ञ एकत्र बसतात. म्हणजे समोरच्याला कपाशी ठाऊक असेलच असं नाही.

- पोस्टरवर मजकूर कोंबू नकोस, नवखे हमखास इथंच चुकतात. गुलाबी अळीनं आतून पोखरलेल्या बोंडाचा फोटो मधोमध लाव, किडकी सरकी स्पष्ट दिसू दे. त्याखाली तुझा एकच प्रश्न. माप आयोजकांचं बघूनच छाप.
- सगळी भाषणं ऐकायचा हट्ट नको. पोस्टरजवळ उभी राहा, ओळखी तिथंच होतात.
- इंग्रजी अडखळलं तर थांब, पुन्हा सांग. लोक ऐकतात.

जीन सर्किटचं (एकमेकांना चालू-बंद करणाऱ्या जनुकांच्या जोडणीचं) गणित परत आल्यावर बघू.